मोकळ्या प्लॉटचं दार

जन्मभर लोकांची घरं बांधणाऱ्या गवंड्याला आता स्वतःचं घर हवं होतं. दलाल नको, म्हणून तो थेट प्लॉटच्या मालकिणीला भेटला. भाव पटूनही म्हातारीनं सात गिऱ्हाइकं परत पाठवली होती; का, ते कुणालाच कळेना. तिच्याबरोबर जागेवर पोचल्यावर तो बुचकळ्यातच पडला. ना कुंपण, ना भिंत. रस्त्यालगत नुसतं एक दार उभं आणि त्याला कुलूप. “बघून घ्या जागा.” त्यानं सवयीनं ओळंबा चौकटीला लावला. तसूभर फरक नव्हता. “कुणाचं काम, मावशी?” “आमच्या ह्यांचं. आधी दार, मग घर, असा हट्ट. दार झालं आणि हेच गेले.” गवंडी दारापुढंच उभा राहिला. “आता काय अडलं?” “किल्ली द्या की. कुलूपबंद घरात बाजूनं कसं शिरू?” गळ्यातली किल्ली काढत म्हातारी म्हणाली, “ते सातही जण बाजूनंच शिरले हो.”