बायांचा कप्पा

समाजमंदिराचं दार ललितानं आतून ओढून घेतलं, तेव्हा जैतू बाहेर ओट्यावर बसलेला होता.

"तुमी जरा लांब बसा ना," ती फटीतून नवऱ्याला म्हणाली. "नंदा लाजतेय."

जैतू उठला नाही. बसल्या जागी नुसता सरकला.

नंदाला दिवस गेले होते. तिला ठकूबाईचं औषध ऐकायचं होतं. ठकूबाई म्हणजे जैतूची आई, वाडीची सुईण. गेल्या भाद्रपदात ती गेली, पण जायच्या आधी सगळं पेटीत सांगून ठेवून गेली.

पेटी म्हणजे भाकरीच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. जैतूनंच तो जुळवलेला. नेरळला मोबाईलच्या दुकानात हाताखाली शिकला, बाकीचं यूट्यूबवर. गाणी, रानभाज्या, झाडपाला, देवाच्या जागा, वाडीचं होतं नव्हतं ते सगळं त्या पेटीत. तिचं वायफाय वाडीपुरतं, बाहेर काही जात नाही. मागं कोणी कॅमेरेवाले येऊन म्हाताऱ्यांची गाणी भरून घेऊन गेले, ती पुन्हा वाडीला ऐकायलाच मिळाली नाहीत. तेव्हापासून वाडीनं ठरवलं, आपलं आपल्याकडंच ठेवायचं. कप्पेसुद्धा सभेनंच पाडले. एक पाहुण्यांसकट सगळ्यांचा, एक फक्त वाडीचा, एक बायांचा. बाळंतपणाचं औषध पुरुषाच्या कानावर पडलं की त्याचा गुण जातो, म्हणून ते बायांच्या कप्प्यात. त्याचा पासवर्ड ललिताकडं.

"आन चोरून कोनी ऐकलं तर?" बुधाजीबाबानं सभेत विचारलं होतं.

तोड जैतूनंच काढली. कप्पा कुणीही उघडला की त्याचं नाव त्या कप्प्याच्या माणसांच्या मोबाईलवर जाणार, टिंग करून. सभेनं टाळ्या वाजवल्या होत्या.

आतून हसणं आलं. अगदी पोट धरून. आईचं हसणं.

जैतूच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. घरात आई अशी कधी हसली नव्हती. त्याच्या वाट्याला काय, तर "जेवलास का" आणि "गाडी हळू चालव". आई त्याची. माइक त्याचा, पेटी त्याची. बाकीच्या रेकॉर्डिंगमधला कोंबडा, वारा, घाट चढणाऱ्या इंजिनाची शिट्टी, सगळं त्यानं कान देऊन देऊन बाजूला काढलेलं. आईचं तेवढं त्याच्या हाताला लागलं नाही. त्या दिवशी माइक लावून दिला आणि आईनंच त्याला बाहेर घालवला. आणि आत कोण बसली? ललिता. काल-परवा लग्न होऊन आलेली. आता तिला वाटलं की पासवर्ड टाकला, आई हजर.

दार उघडलं. नंदा मान खाली घालून ओटा उतरली.

"झालं का सासूशी बोलून?" जैतू म्हणाला.

"झालं."

"रोज रोज काय ऐकता गं? पाठ झालं असंल आतापर्यंत."

ललिता त्याच्याकडं बघत राहिली. "तुमाला लय लागतं ना, आमी ऐकलं का?"

"मला कशाला लागंल? माझी कुठं ती सासू व्हती!"

 ललिता नंदाला घरी सोडायला निघून गेली.

ती वळणाआड गेली तसा जैतू आत शिरला. पेटी बिघडली तर असावा म्हणून एक पासवर्ड त्याच्याकडं होता. दुरुस्तीपुरता. सभेनं त्याच्यावर विश्वास टाकून दिलेला. त्यानं तो टाकला आणि आईचं नाव दाबलं.

आधी बांगड्या वाजल्या. मग आई.

"जैत्या गेला का गं भाईर?"

"गेला, आई." ललिताचा आवाज.

"नीट बघ. दाराआड असंल. बारका व्हता तवापासनं कान लावायची खोड हाय मेल्याला!"

आणि ते हसणं. जैतूनं डोळे मिटून घेतले.

हसणं ओसरलं. आईनं घसा खाकरला. "हां. आता ऐक. ती मुळी उकरायची ती—"

आवाज तुटला. जैतूनं डोळे उघडले. ललितानं पेटीवर हात ठेवून बंद केलं होतं. तिच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि त्यावर त्याचं नाव. स्वतः बसवलेली टिंग तो साफ विसरला होता. ह्या घडीला वाडीतली प्रत्येक बाई आपापल्या मोबाईलवर तेच नाव वाचत असणार.

"औषध ऐकलंत?"

"नाय."

"खरं सांगा. गुण गेला तर नंदानं काय करायचं?"

"नाय गं ऐकलं. आईशप्पथ."

शब्द तोंडातून गेला आणि दोघांनीही पेटीकडं बघितलं.

"भाईर जा," ललिता हळूच म्हणाली.

तो गेला. ओट्याच्या पार टोकाला जाऊन बसला. पाठीमागं दार लागल्याचा आवाज काही आला नाही.

मग आतून बांगड्या वाजल्या. आई म्हणाली, "जैत्या गेला का गं भाईर?" आणि पुन्हा हसली. आईनं घसा खाकरायच्या आत आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून लागला.

ह्या खेपेला जैतूनं कान देऊन ऐकलं. आईच्या हसण्यात ललिताचंही हसणं होतं. कोंबडा काढला होता, वारा काढला होता, इंजिनाची शिट्टी काढली होती. ही दोन हसणी मात्र त्याला एकमेकींपासून सोडवता येईनात.