आगाऊ नवस

दगडी चेहऱ्याच्या कपाळावर कुणीतरी खिळा ठोकला होता. खिळ्याला चांदीच्या पत्र्याचं हृदय लटकत होतं.

गास्पारेचं रक्त उसळलं. आठशे वर्षांच्या दगडात खिळा! पालेर्मोच्या जुन्या पेठेतल्या या चौकात तो रोज पर्यटकांना घेऊन यायचा. आजचे अजून कमानीखालीच पाणी पीत थांबले होते.

“हे कुणी केलं?”

“मी. का, तुझा दगड रडला का?” डोन्ना निन्फा दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती.

“नवस बरं वाटल्यावर फेडतात, डोन्ना निन्फा. आणि तोही देवळात.”

“आगाऊ दिला की संताला नाही म्हणायला तोंड राहत नाही. येत्या सोमवारी माझ्या मोम्मोच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. आम्ही जाणार नाही. तूच सांगतोस ना, हा मुका संत दुखणं ओढून घेतो, डॉक्टर लागत नाही? चार उन्हाळे ऐकतेय. माझ्या आजीलाही माहीत नव्हतं हे.”

एका दुपारी कमानी आणि सनावळ्या ऐकून लोक जांभया देऊ लागले, तेव्हा तोंडाला येईल ते गास्पारेनं ठोकून दिलं होतं. लोक खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच पुन्हा सांगितलं.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “तो संत नाही. कमानीचा भार पेलायला कोरलेलं नुसतं डोकं आहे. गोष्ट मी रचली.”

“तू?” ती खो खो हसली. “कुत्र्याचं नाव ठेवायला तुला आठवडा लागला होता! तू कसली गोष्ट रचतोस? संत असल्यांच्याच तोंडून बोलतात.”

वरच्या सज्जातून तिच्या नवऱ्यानं, मोम्मोनं हाक दिली. “गास्पारे! सकाळपासून धाप कमी आहे रे!” एवढं बोलून तो कठडा धरून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

गास्पारेनं मान खाली घातली.

“खरं सांगू? मी रोज अर्धीच गोष्ट सांगतो,” तो म्हणाला. “पर्यटकांना घाई असते. संत दुखणं ओढून घेतो, पण डॉक्टरची सुरी लागल्यावर. त्याआधी नाही.”

तिचे हात थांबले. “आणि हे आता सांगतोस, मेल्या?” ती वर बघून ओरडली, “मोम्मो, पिशवी भर! सोमवारी जायचंय!”

मग तिनं गास्पारेचं मनगट धरून त्याला दगडापाशी नेलं.

“ऑपरेशनच्या टेबलावरून उठेल ना तो? हात ठेवून सांग.”

त्यानं हात ठेवला. दगड थंड होता.

“उठेल.”

पर्यटक चौकात आले होते. आजच्यांना इथली भाषा कळत नव्हती. त्यांनी टोप्या काढल्या आणि दगडाला हात लावायला त्याच्यामागे मुकाट्यानं रांग लावली.