सतराव्या नमुन्याचे ठोके

“माझ्या मुलाचं रक्त मला परत द्या,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्या प्रयोगशाळेच्या दारातच उभ्या होत्या. बंगळुरूच्या चिकपेटेत तीन पिढ्या साड्यांचा व्यापार करणाऱ्या घरातल्या त्या. हातात घड्यांवर झिजलेलं संमतीपत्र. खाली मुलाची सही : पद्मनाभ, वय एकोणीस. हृदयावरच्या संशोधनासाठी त्यानं दोन वर्षांपूर्वी इस्पितळात रक्त दिलं होतं. त्यानंतर चार महिन्यांनी कॉलेजचा जिना चढताना तो कोसळला, तो उठलाच नाही. हा कागद त्यांना परवा त्याच्या पुस्तकात सापडला.

“त्याचं सगळं श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडलं आम्ही. एवढंच मागे राहिलंय. आत्ता तिकडेच निघालेय.”

डॉ. आश्लेषानं कागदावरचा आकडा पाहिला. सतरा. तिच्याकडे नुसते आकडे येत. सतराचं नाव तिला आज कळलं, आणि तो या जगात नसल्याचंही.

ती नागपूरची, तेहेतीस वर्षांची. ही खोली तिला मिळाली होती ती तरुण डॉक्टर-संशोधकांसाठीच्या अनुदानातून. मुलाखतीत समितीनं विचारलं होतं, “पाच वर्षांत काहीच हाती लागलं नाही तर?” ती म्हणाली होती, “तर निदान कुठे चुकलं ते कळेल.” तोवर ती दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांचेच प्रश्न सोडवत आली होती. समितीनं तिला तिचा स्वतःचा प्रश्न दिला, आणि चुकायला वेळ दिला. पहिली तीन वर्षं चुकण्यातच गेली. सोळा जणांच्या पेशी मेल्या. सतराव्याच्या जगल्या.

“देते, काकू,” ती म्हणाली. “तुमचा हक्कच आहे तो. पण आधी एकदा बघा.”

तिनं उबदार पेटीतून एक चपटी बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. शकुंतलाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या वाकल्या.

“काहीतरी हलतंय.”

“पद्मनाभच्या रक्तापासून वाढवलेल्या हृदयाच्या पेशी आहेत. ते ठोके आहेत.”

शकुंतलाबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. तांदळाच्या दाण्याएवढा तो पुंजका आकसत होता, सैल होत होता. दोन ठोके घाईघाईनं. मग काहीच नाही. मग पुन्हा तीन, एकमेकांवर आदळल्यासारखे.

“अस्संच,” त्या पुटपुटल्या. “छातीवर हात ठेवला की अस्संच लागायचं हाताला.”

आश्लेषानं बशीत औषधाचे दोन थेंब सोडले. दहा मिनिटं गेली. शकुंतलाबाईंनी डोळा हलवला नाही. हळूहळू ती घाई ओसरली. एक ठोका. मग एक. मग एक. आश्लेषानं हे महिन्याभरात कितीदा तरी पाहिलं होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला.

“हे औषध त्याला तेव्हा का नाही दिलंत?”

“तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, काकू. गेल्या महिन्यात त्याच्याच पेशींनी सांगितलं.”

शकुंतलाबाई पुन्हा वाकल्या. यावेळी बराच वेळ. आश्लेषानं नमुना परत करण्याचा अर्ज काढला. तिची चौथ्या वर्षापर्यंतची सगळी धडपड त्या बशीत होती. तिनं पेनचं टोपण काढलं आणि सही करायची जागा शोधू लागली.

“स्वल्प थांबा, डॉक्टरम्मा.” शकुंतलाबाईंनी पदरानं डोळे टिपले. “खाली रिक्षात त्याची धाकटी बहीण बसलीय. तिच्याही छातीला हात लावला की अस्संच लागतं. भीतीनं मी अजून कुणाला सांगितलं नाही. तिला वर आणू?”