हेपझिबा बुडाली

शेजाऱ्यांची गाय आटली. कुणाच्या तरी लोण्याला वास आला. हेपझिबा प्रार्थनेच्या वेळी खुदकन हसली. आमच्या गावाला एवढं पुरलं.

तिच्या कमरेला दोर बांधून तिला तळ्यात सोडायचं ठरलं. तरंगली तर चेटकीण, मग फाशी. बुडाली तर निर्दोष.

"बुड गं बाई!" तिचा नवरा जोनास काठावरून ओरडला. "एकदा तरी माझं ऐक!"

"अहो, दोर नीट धरा. दुसरी बायको मग शोधा!"

पाद्रीसाहेबसुद्धा हसले.

ती पाण्याखाली दिसेनाशी झाली. "बुडाली! बुडाली!" आम्ही टोप्या उडवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. जोनास नाचत नाचत दोर सोडत होता, आणि दोर सरसर खाली जातच होता.

"अरे, ओढा आता!" पाद्रीसाहेब म्हणाले.

चौघांनी ओढला. काठावर ओल्या दोराचा ढीग झाला, तेव्हा कुठे ती वर आली. हसतच होती. जोनासने तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही गात गात गावात आलो.

त्याच सकाळी आम्ही मेंढ्या त्या तळ्यातून पलीकडे नेल्या होत्या. पाणी त्यांच्या पोटालाही लागलं नव्हतं.