शेजारचा चौकोन

भांडी व्यापारी संघाच्या वार्षिक सभेत कोठावदेशेठ आणि अमृतकरशेठ नेहमी हॉलच्या दोन टोकांना बसायचे. दुकानांमधल्या सामाईक भिंतीवरून दोघांत अबोला होता. यंदा करोनामुळे सभा ऑनलाइन झाली आणि दोघांचे चौकोन शेजारी आले.

लॉकडाउनपासून पुण्यात मुलीकडे अडकलेल्या अमृतकरशेठना कोठावदेंच्या घरातली भिंत दिसली. तिच्यावर हार घातलेला वहिनींचा फोटो होता.

अहवालवाचन चालू असतानाच त्यांनी माइक चालू केला. "वहिनी कधी गेल्या?"

"श्रावणात. तुला कळवणार होतो. नंबर पुसून टाकला होता मी."

"माइक बंद ठेवा, शेठ. सभा चालू आहे," अध्यक्ष म्हणाले.

अमृतकरशेठनी सगळ्या संघासमोर आपला नंबर सांगितला. एकेक आकडा, सावकाश. कोठावदेशेठ खाली मान घालून लिहून घेत होते.