गर्दी व्हायच्या आत

गुणांच्या फळ्यावर आपल्या पोरांचे तीन, पाहुण्यांचे एकतीस. शेवटची पंधरा मिनिटं सुरू झाली तशी माणसं उठू लागली. कॉलेजच्या फुटबॉलवर जीव टाकणारं गाव, पण हरायला लागलं की सगळ्यांना अचानक गाड्यांची गर्दी आठवते.

हर्शेल उठला नाही. त्याचा एक पाय सारखा हलत होता, टोपी डोक्यावरून गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून डोक्यावर जात होती, पण बूड काही बाकावरून हललं नाही. शेजारी त्याची नात ट्रूडी. नऊ वर्षांची, आयुष्यातला पहिलाच सामना. उकडलेल्या शेंगा केव्हाच संपल्या होत्या, तरी ती पिशवीत हात घालून टरफलं चिवडत होती.

"आजोबा, निघू या ना आता."

"बस गं. संपू दे."

"सगळे चाललेत."

"जाऊ देत. गेले खड्ड्यात."

मागच्या रांगेतली ओपल खो-खो हसली. वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसणारी बाई. गळ्यात तांबडा मफलर, जिभेला हाड नाही. "ऐकलंत का? हर्शेल बसलाय! अरे, लेकाच्या वेळी कुठे गेली होती ही बैठक?"

"ओपल, तोंड आवर."

"मी कशाला आवरू? अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. दर शनिवारी सामन्याआधी मैदानाबाहेर गाड्या लागतात, शेगड्या पेटतात आणि मांस भाजता भाजता जो तो आपला पहिला सामना सांगतो. कुणी बापाच्या मांडीवर बसून पाहिलेला, कुणी भिंतीवरून उडी मारून. हर्शेलची पाळी आली की तो बर्फाची पेटी उघडून तिच्यात डोकं घालतो. कारण लेकाला, रँडलला, त्याने पहिल्यांदा आणलं तेव्हाही आपण असाच मार खात होतो. हर्शेल म्हणाला, चल, गर्दी व्हायच्या आत निघू. बापलेक गाडीपाशी पोचतात न पोचतात तोच आत जो जल्लोष उठला, तो थांबेचना. हरलेला सामना पोरांनी शेवटच्या क्षणी खेचून आणला होता. आणि एकदा बाहेर पडलेल्याला फाटकातून परत घेत नाहीत. तो सामना 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला' म्हणणारी माणसं गावात आता इतकी झालीत की मैदानात मावणार नाहीत. न पाहिल्याचं कबूल करणारा एकटा हर्शेल.

त्यात आज सकाळी रँडलचा फोन. तो समुद्रात तेलाच्या विहिरीवर कामाला, सुट्टी मिळाली नाही. म्हणाला, "बाबा, ट्रूडीला अगदी माझ्यासारखाच दाखवा हं पहिला सामना." आणि हसला. ते हसू दिवसभर हर्शेलला माशाच्या काट्यासारखं टोचत होतं. लेक टोमणे मारतो, मारू दे. चुकलंच होतं आपलं. पण नातीच्या बाबतीत ती चूक पुन्हा नाही. शिट्टी वाजेपर्यंत हलायचं नाही म्हणजे नाही.

पाहुण्यांनी चेंडू घेऊन पुन्हा शेवटची रेषा ओलांडली, आणखी एक टचडाऊन. वारा सुटला. ट्रूडी उठली, बसली, पुन्हा उठली. जिन्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"आजोबा, प्लीज!"

"काय प्लीज? शू लागलीय का?"

"नाही!"

"थंडी वाजतेय? घे माझा कोट."

"नकोय मला कोट!" तिचे डोळे भरले. "संपेल ना आता सगळं! आणि आपण आतच राहू!"

हर्शेलचा पाय थांबला. "मग आतच राहायचं असतं, बाळा. पहिला सामना शेवटपर्यंत बघायचा असतो."

"आपल्याकडे नाही!" ट्रूडी रडत रडतच ओरडली. "बाबा म्हणाले, आजोबा तुला आधी बाहेर नेतील. मग आतून आवाज आला की खांद्यावर घेतील आणि फाटकापर्यंत पळतील. आणि भिंतीकडे बघून सगळं सांगतील, कोण पळतंय, कोण पडलंय. तसला भारी सामना गावात कुणीच पाहिला नाही, असं म्हणतात बाबा. आणि तुम्ही उठतच नाही!"

ओपल मागून पुढे वाकली.

"रँडल म्हणाला असं?"

"हो! नेहमी म्हणतात!"

 त्या दिवशी हर्शेल पळाला होता खरा, पोराला खांद्यावर टाकून. फाटकावरच्या माणसाच्या हातापाया पडला होता. शेवटी पोराने रडू नये म्हणून तोंडाला येईल ते सांगत सुटला होता. इतक्या वर्षांत लाजेपायी त्याने ते कधी आठवूनही पाहिलं नव्हतं.

घड्याळात दोन मिनिटं उरली होती.

"ऊठ," तो म्हणाला. "ऊठ, ऊठ! बसून काय राहिलीस?"

"पळाला रे, पळाला!" ओपल ओरडली, पण ओरडता ओरडता तिने आपला मफलर काढून ट्रूडीच्या गळ्यात टाकला.

कठडा धरत, गुडघ्यांना शिव्या देत हर्शेल जिना उतरला. फाटकावरचा माणूस म्हणाला, "काका, बाहेर पडलात तर परत आत नाही हं."

"माहीत आहे रे बाबा. मला नको शिकवू."

बाहेर एका गाडीला टेकून त्याने नातीला कसंबसं खांद्यावर घेतलं. तेवढ्यात आत उरलेली मूठभर माणसं ओरडली. कशासाठी, देव जाणे.

"काय झालं आजोबा? सांगा ना! कोण पळतंय?"

हर्शेल तिला घेऊन फाटकाकडे धावत सुटला. तिथे पोचून थांबला. समोर विटांची भिंत.

"थांब गं," तो धापा टाकत म्हणाला, "आधी बघू तरी दे."