समुद्राकडची खोली

"फोटोत एकही होडी नाही," क्लेमेंट म्हणाला आणि त्याने ते रंगीत माहितीपत्रक टेबलावर पालथं घातलं.

ऑगस्टाने ते पुन्हा उलटवलं. निळंशार पाणी, पांढऱ्या छत्र्या आणि वर ठळक अक्षरांत 'कॅरिबियन बेटावर दोघांसाठी सात दिवस'.

"होड्या बघायला कोण जातंय? लोळायला जायचंय. सात दिवस मी कुणाची चादर बदलणार नाही. माझी कुणीतरी बदलेल."

एकवीस वर्षं ती हॉटेलात खोल्या आवरत होती. दुसऱ्यांच्या सुट्यांचा पसारा काढून काढून तिचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. हातही गप्प बसत नसत. हॉटेलात पाहुण्यांच्या पलंगावर टॉवेलचा ठेवतात तसा, बोलता बोलता त्यांनी भांडी पुसायच्या फडक्याचा बाकदार मानेचा हंस करून टेबलावर बसवला होता.

"घरात तरी नको तो पक्षी," क्लेमेंट करवादला.

खरं तर लोळायची हौस तिला नव्हतीच. क्लेमेंट जन्माचा मासेमार. होडी विकली त्या दिवसापासून, म्हणजे चौदा वर्षं, त्याने समुद्रात पाऊल बुडवलं नव्हतं. दिवसभर दारात बसून कुणालाच नको असलेली जाळी विणायचा. यंदा सत्तरी गाठली होती, आणि त्याचं हृदय तपासताना डॉक्टर त्याच्याकडे न बघता तिच्याकडे बघत होते. नवऱ्याला एकदा तरी समुद्रात उतरवायचंच, असा तिने चंग बांधला होता.

"समुद्र सगळ्यांचा असतो गं," तो म्हणायचा. "वाट कुणाची ते बोल."

रविवारी त्यांची मुलगी मर्सेला जेवायला आली. ती शहरात बँकेत होती आणि आईबापांना शिस्त लावणं हे आपलंच काम आहे असं तिला वाटायचं. माहितीपत्रक पाहून तिचा सूपचा चमचा हवेतच राहिला.

"आई, वेड लागलंय का तुला? तिथे कसली माणसं येतात माहीत आहे ना?"

"तुझ्यापेक्षा जास्त. त्यांच्या पलंगाखाली काय काय सापडतं तेही माहीत आहे."

"लोक हसतील. तुम्ही दोघं तिथे शोभणार नाही."

"शोभायला आम्ही काय फुलदाण्या आहोत?"

"आणि नोकरीचं काय? ऐन हंगामात रजा कोण देणार तुला?"

"मागितलीय. नाही दिली तर राजीनामा तयार आहे. तोसुद्धा इस्त्री करून ठेवलाय."

मर्सेला बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी कुठे हो म्हणालोय?" क्लेमेंट सूप ढवळत म्हणाला. "त्या पाण्यात मी पाय घालणार नाही."

"नको घालूस," ऑगस्टा म्हणाली. "काठावर बसून माझ्याकडे बघ. तेवढं तरी जमेल ना?"

सोमवारी तिने फोन लावला. दूर कुठल्या तरी कचेरीत बसलेली एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"समुद्राकडची खोली हवी का, मॅडम?"

"तिसऱ्या मजल्यावरची, कोपऱ्याची. तिच्या शेजारची देऊ नका, तिथला नळ ठिबकतो."

"अरे वा! आधी राहून गेलात वाटतं?"

"छे हो. चौकशी करूनच ठेवलीय."

"विमानतळावर गाडी पाठवायची का?"

"नको. आमचं आम्ही येऊ."

गुरुवारी मॅनेजरने रजा नाकारली. वर 'असल्या सुट्या तुमच्यासाठी नसतात' असंही ऐकवलं. ऑगस्टाला भयंकर राग आला, पण तिने आवाज चढवला नाही. शुक्रवारी तिने कामाचा निळा झगा धुऊन, घडी घालून त्याच्या टेबलावर ठेवला, त्यावर राजीनामा ठेवला, आणि कागद उडू नये म्हणून वर टॉवेलचा एक हंस बसवला.

शनिवारी सकाळी क्लेमेंट तयार होऊन बाहेर आला तो चर्चला घालायचे काळे बूट चढवून. नाड्यांना दोन-दोन गाठी.

"अरे, समुद्रावर कुणी बूट घालून जातं का?"

"म्हणूनच घातलेत. तुझ्या हट्टापायी येतोय. पाण्यात उतरणार नाही म्हणजे नाही."

"बरं बाबा, झोप बुटांतच," ऑगस्टा म्हणाली. तिने दाराला कुलूप लावलं आणि बॅगेचा पट्टा खांद्याला अडकवला.

दोघं उतारावरून चालू लागली. दहा मिनिटांत उतार संपला आणि रस्ता एका उंच पांढऱ्या फाटकापाशी येऊन थांबला. रखवालदार ऑगस्टाला पाहून ओळखीचं हसला.

"काय मावशी, आज रस्ता चुकलात? कामगारांचं दार मागच्या अंगाला."

"माहीत आहे," ऑगस्टा म्हणाली. "एकवीस वर्षं त्याच दाराने आत गेलेय."

तिने खोलीच्या आरक्षणाचा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोनदा वाचला. मग दोघांच्या मनगटांवर पाहुण्यांच्या पिवळ्या पट्ट्या बांधल्या, वही उघडली आणि प्रत्येक पाहुण्याला विचारायचा तो प्रश्न विचारला, "कुठून आलात?"

क्लेमेंटने फाटकाच्या गजांमधून समुद्राकडे बोट केलं.

"लिही, त्या तिसऱ्या छत्रीखालून. हे फाटक बसेपर्यंत माझी होडी तिथेच लागायची," तो म्हणाला आणि तिथेच खाली वाकून बुटांच्या गाठी सोडायला लागला.